ज्याला आवाज पोचला

१३ नोव्हेंबर

परवा शिकारीचा हंगाम सुरू होतोय आणि यंदा टोळीचा प्रमुख मी. टोळी म्हणजे मी, मात्सुओ, चिगुसा अशी तीन माणसं आणि एक कुत्रा, पण प्रमुख तो प्रमुख. बस चालवत होतो तेव्हा माझ्यामागे चाळीस माणसं बसायची आणि त्यांतलं एकही माझं ऐकायचं नाही. त्या मानानं बढतीच म्हणायची.

आधीचे प्रमुख जिनपाचीदादा. माझ्या बायकोचे, सुएचे, थोरले भाऊ. मला बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं. या उन्हाळ्यात त्यांचे डोळे तपासणीत नापास झाले आणि बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागली. मला वाटलं, आता घरी बसतील. बसले खरे पलीकडच्या डोंगरावरच्या आपल्या घरीच, पण जुनी वॉकी-टॉकी घेऊन. अंगणातल्या झाडावर उंच तार चढवली आहे आणि खाली शेगडीजवळ बसून दिवसभर हुकूम सोडतात. ‘तोकू, मात्सुओला वर सरकव.’ ‘तोकू, तुझा वारा चुकलाय.’ ‘तोकू, खोकू नकोस.’ गेल्या महिन्यात शेतात घुसणाऱ्या डुकरांसाठी सरकारी हाका होता, तेव्हा त्यांच्या बडबडीत चिगुसाचं बोलणं दबलं आणि डुक्कर माझ्या शेजारून निघून गेलं.

वर शिकारीतला वाटा आहेच. आमच्याकडची रीत अशी की बंदुकीच्या बाराचा किंवा हाकेचा आवाज ज्याला पोचला आणि सुरी लागायच्या आत जो येऊन उभा राहिला, त्याचा वाटा. बंदूक असो वा नसो. कुत्र्याचाही वाटा असतो. रीत चांगली आहे, पण ती डोंगरात धापा टाकत येणाऱ्यांसाठी आहे, शेगडीजवळ बसून वॉकी-टॉकीवर आवाज पोचणाऱ्यांसाठी नाही. त्याच आठवड्यात दुसरं एक डुक्कर पडलं तर दादा मोपेड घेऊन हजर. वाटा घेतला आणि वर सगळ्यांसमोर म्हणाले, “बसवाल्यासारखं कापतोस रे. दर वळणावर ब्रेक.” मात्सुओ हसला ते ठीक, तो न्हावी आहे, त्याला सगळ्याचंच हसू येतं. पण चिगुसाही हसली. ती शहरातून येऊन तीनच वर्षं झाली, तिनं तरी हसायला नको होतं. मला ते लागलं.

१४ नोव्हेंबर

नोबेओका शहरात जाऊन तीन नव्या वॉकी-टॉकी आणल्या. दुकानदारानं चांगला उपाय सांगितला. तो म्हणाला, “आपण बोलतो तेव्हा हे यंत्र बोलण्याच्या खाली एक खोल स्वर, टोन म्हणतात त्याला, सोडत राहतं. सेकंदाला साधारण नव्वद हेलकावे. कानाला तो कळतही नाही, स्पीकर तो गाळून टाकतो. पण समोरचं यंत्र त्याच्यासाठी टपून बसलेलं असतं. आपला ठरलेला स्वर आला की फाटक उघडायचं. दुसरा स्वर आला, किंवा स्वराशिवाय नुसतंच बोलणं आलं, की फाटक बंद. असे अडतीस स्वर आहेत. तुमच्या तिन्ही यंत्रांवर एकच नंबर लावा, झालं.”

“म्हणजे बाहेरच्या माणसाचा त्रास नाही?”

“अजिबात नाही. मात्र एक लक्षात ठेवा काका, हे फाटक तुमच्या बाजूला असतं, तेव्हा...”

“तेच तर हवंय,” मी म्हटलं आणि बॅटरी किती टिकते ते विचारलं. निघताना तो हिरव्या दिव्याबद्दलही काहीतरी सांगायला लागला होता, पण माझी बस सुटायची वेळ झाली. जन्मभर बस चालवून शेवटी बस चुकवली असती तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

रात्रीच्या जेवणाला सुए म्हणाली, “अहो, दादाला ऐकू येऊ नये म्हणून हे चाललंय का?”

“टोळीला शिस्त हवी.”

“मी हो का नाही, एवढंच विचारलं.”

“हो.”

तिनं लोणच्याची वाटी माझ्यापासून लांब सरकवली. मी तिन्ही यंत्रांवर आठ नंबर लावला.

१५ नोव्हेंबर

पहिला हाका. चिगुसा आणि तिचा कुत्रा तेत्सु खालच्या झाडीतून हाकत वर आले. मात्सुओ पहिल्या खिंडीत, मी दुसऱ्या. दादांचा आवाज सबंध दिवसात एकदाही नाही! देवळात बसल्यासारखी शांतता. दुपारी मात्सुओनं एक लहान डुक्कर पाडलं. काळजाचे तुकडे बांबूच्या काडीला टोचून डोंगराच्या देवीला दिले आणि चार वाटे केले. कोणी आलं नाही. कोणी ‘ब्रेक’ म्हणालं नाही.

जाकिटाच्या खिशात जुनी रिकामी पितळी पुंगळी सापडली, काडतुसाची. वॉकी-टॉकी यायच्या आधी दादा अशाच पुंगळीत फुंकून आम्हाला बोलवायचे. प्रत्येकाची शीळ वेगळी. माझी दोन आखूड, एक लांब. मात्सुओच्या तीन आखूड. डोंगरभर माणसं बसलेली असायची, पण माझी शीळ वाजली की मान माझीच वळायची, बाकीचे जागचे हलायचे नाहीत. आणि नियम असा की आपली शीळ ऐकली की आधी बंदूक खाली, मग कान. हा नियम दादांनी आमच्यात काठीनं उतरवला. मला दोनदा बसली आहे.

सुए संध्याकाळी माझ्या वाट्यातलं थोडं मांस दादांकडे घेऊन गेली आणि तसंच परत घेऊन आली. दादा म्हणाले म्हणे, “मला आवाज पोचला नाही. वाटा कसला?”

म्हणजे टोन काम करतोय. मी हे मोठ्यानं म्हटलंही. सुएनं भांडं घासायला घेतलं. ते घासलेलंच होतं.

२२ नोव्हेंबर

काही मिळालं नाही. थंडी फार. बसून बसून पाठ धरली. मात्सुओला वॉकी-टॉकीवर म्हटलं, दुसऱ्या खिंडीतला तो दगड म्हणजे बर्फाची लादी आहे, त्यावर दादा तीस वर्षं कसे बसले देव जाणे. मग थोडी गंमत केली. म्हटलं, आता दादांना त्या दगडावर बसवलं तर डुक्कर आणि हातगाडी यांतला फरक दिसायचा नाही, हातगाडीला गोळी घालतील आणि वर तिचा वाटाही मागतील. मात्सुओ इतका हसला की मला यंत्र कानापासून लांब धरावं लागलं. आपलं आपल्यात बोलता येतं, हे या टोनचं खरं सुख.

२९ नोव्हेंबर

दुसऱ्या खिंडीत गेलो तर दगडावर गवताचं जाड विणलेलं आसन. दोरीनं दगडाला बांधून ठेवलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मात्सुओला विचारलं. तो म्हणाला, “मी? मला गवताची पेंढीसुद्धा धड बांधता येत नाही.” माणूस लाजाळू आहे, कबूल करणार नाही. पुढच्या वेळी केस कापायला गेलो की चार गोड शब्द बोलेन. आसन उत्तम आहे. पाठ दुखली नाही.

६ डिसेंबर

चिगुसानं मागच्या हाक्यात वॉकी-टॉकीवर तक्रार केली होती की ओढ्याकडच्या वाटेवर देवदार आडवा पडलाय, तेत्सुला उचलून पलीकडे टाकावं लागतं. आज पाहतो तर देवदार कापून बाजूला रचलेला. वनखात्याला अक्कल आलेली दिसते. कापलाय मात्र हातकरवतीनं. खात्याकडे यंत्राला घालायला पेट्रोलही उरलं नाही वाटतं.

माझ्या वॉकी-टॉकीत एक दोष निघाला. वरचा हिरवा दिवा आपोआप लागतो. आवाज काहीच नाही, नुसता दिवा. आज मी उठून खिंडीच्या डाव्या कडेला जाऊन बसलो तेव्हा तर लागतोय आणि विझतोय, कोणी डोळा मारावा तसा. नंतर कळलं की वारा नेमका तिकडूनच होता, वास लागून डुक्कर वरच्या वर फिरलं. चिडचिड झाली. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

२० डिसेंबर

हाका झाला नाही, पाऊस. सुए दादांकडे जाऊन आली. म्हणाली, “दादा विचारत होता, तोकूची पाठ आता कशी आहे.”

“त्यांना कोणी सांगितलं माझ्या पाठीचं?”

“मी नाही.”

म्हणजे मात्सुओ. न्हाव्याच्या दुकानात सांगितलेलं अख्ख्या खोऱ्यात फिरतं, माहीत असून मी बोलतो. सुए मला काहीतरी सांगणार होती असं वाटलं. पण मी वर्तमानपत्र उघडलं होतं, आणि ती गेली आत.

१ जानेवारी

दादा आले नाहीत. लग्न झाल्यापासून नव्या वर्षाच्या सकाळी ते आले नाहीत असं कधी घडलं नव्हतं. दारातूनच दारूसाठी ओरडायचे, “तोकू, शोचू आधी, नमस्कार मागून.” सुए त्यांच्यासाठी तांदळाच्या उंड्यांचं सूप झाकून घेऊन गेली. मला चार उंडे जास्त मिळाले.

घर मोकळं वाटलं. उगाच लपवत नाही, लिहून ठेवतो. पण प्रमुख झालो म्हणून मी काही गुन्हा केलेला नाही.

१७ जानेवारी

आज अक्षर वाकडं येईल.

सकाळी नेहमीप्रमाणे मी दुसऱ्या खिंडीत, आसनावर. समोर उतारावर कमरेपेक्षा उंच वेळूचं रान, त्यावर बारीक बर्फ. मात्सुओ पहिल्या खिंडीत. चिगुसानं खालून हाक सुरू केली. तेत्सुचं भुंकणं आधी जवळ आलं, मग डावीकडे गेलं, मग ऐकूच येईना. मात्सुओनं विचारलं, “काय चाललंय?” मी बटण दाबलं आणि त्याला समजावून सांगू लागलो की धीर धर, वॉकी-टॉकीवरची शांतता बघ, गेल्या वर्षी एवढ्यात दादांनी दहा वेळा जागा बदलायला लावल्या असत्या, प्रमुखानं शिस्त ठेवली की टोळी अशी गप्प राहते. शिस्तीवर मी बराच वेळ बोललो. बटण दाबलेलंच होतं.

बटण सोडल्यावर थोड्याच वेळात समोरचे वेळू हलले. वरचा बर्फ झडला. काहीतरी जड, सरळ माझ्याकडे येत होतं. मी हळूच यंत्रात म्हटलं, “येतंय माझ्यासमोर. आता कोणी बोलू नका.” बंदूक खांद्याला लावली. पाहिल्याशिवाय बार काढायचा नाही हे मला ठाऊक आहे. पण मी पाहिलं होतं. वेळूच्या फटीतून पाठीचा काळा ठिपका, खाली वाकलेला. मला डुक्कर दिसलं. अजूनही डोळे मिटले तर डुक्करच दिसतं. बोट आत गेलं होतं.

आणि पलीकडच्या डोंगरावरून शीळ आली. दोन आखूड, एक लांब.

मी काही विचार केला नाही. बंदूक खाली गेली. माझ्या आधी माझे हात खाली गेले. परत आली, दोन आखूड, एक लांब, आणि परत, श्वास न घेता, कोणी वेड लागल्यासारखं फुंकत होतं. मी बंदूक गुडघ्यावर आडवी धरून त्या बाजूला बघत राहिलो. वेळू बाजूला झाले आणि चिगुसा बाहेर आली. पाठीवर तिची काळी पिशवी, हात मोकळे हवेत म्हणून यंत्रही त्यातच टाकलेलं. चढावर वाकून, वेळूला धरत वर येत होती. नारिंगी जाकीट त्या पिशवीखाली झाकलेलं.

“तोकुजीकाका, काय झालं? तोंड का असं पांढरं पडलंय?”

“तू इथं कशी?”

“म्हणजे काय? सांगितलं की मी यंत्रावर! तेत्सु डुक्कर घेऊन धारेपलीकडे गेलाय, मी दुसऱ्या खिंडीतून वर येतेय, बंदुका खाली ठेवा. दोनदा सांगितलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत, म्हटलं ऐकलं असणार.”

मी तेव्हा शिस्तीवर बोलत होतो. बटण दाबलेलं असताना यंत्राला फक्त तोंड असतं, कान नसतात, हे मला बस चालवताना डेपोच्या यंत्रापासून माहीत आहे. मी तिला काही सांगितलं नाही.  आसनावर बसलो आणि रडलो. ती बिचारी माझी पाठ चोळत राहिली, तिला वाटलं पाठ धरली.

नंतर वॉकी-टॉकीवरची चिकटपट्टी काढली. हिरवा दिवा लागलेला होता.

१८ जानेवारी

सकाळी दुकानदाराला फोन केला. म्हटलं, टोन लावला असूनही आमचं बोलणं बाहेरच्याला कसं ऐकू गेलं?

तो म्हणाला, “जाणारच की काका. ज्याच्या यंत्रावर टोन लावलेलाच नाही त्याचं फाटक सताड उघडं, त्याला सगळ्यांचं सगळं ऐकू येतं. टोननं तुमचं बोलणं लपत नाही. तुम्हाला दुसऱ्यांचं ऐकू येत नाही, एवढंच. कानात बोळे घातल्यासारखं. म्हणून तर हिरवा दिवा दिलाय, कोणीतरी बोलतंय हे कळायला. दिव्याकडे बघा, टोन काढून कानोसा घ्या, मगच बोला. मी तेव्हा सांगत होतो...”

“हो,” मी म्हटलं, “माझी बस होती.”

फोन ठेवल्यावर सुएला म्हणालो, “तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. मी मांस घेऊन गेले तेव्हा यंत्र त्याच्या मांडीवर चालू होतं. तुम्ही घरून मात्सुओशी बोलत होतात तो तुमचाच आवाज येत होता, दादा यंत्र बंद करायलाही विसरला होता. म्हणाला, तोकूला सांगू नकोस.”

“आणि तू ऐकलंस?”

“तुम्ही माझं ऐकलं असतं?”

यावर मी टोपी घातली आणि दादांकडे गेलो.

ते शेगडीजवळ बसले होते. यंत्र शेजारी, चालू, नुसतं खरखरत होतं. कोपऱ्यात गवत पसरलेलं आणि त्यात दुसरं एक आसन, अर्धं विणलेलं. मी दारात उभा राहिलो. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

“कोण आहे? माणूस आहे का हातगाडी?”

मी जोडे काढून आत गेलो आणि जमिनीला कपाळ लावलं. ते म्हणाले, “उठ. तिथं राख सांडलीय.”

“दादा, तुम्ही सगळं ऐकत होतात?”

“डोळे गेलेत. कान आहेत.”

“काल...”

“काल पोरीचं बोलणं मला इथं स्वच्छ ऐकू आलं, ती माझ्याच बाजूला होती. कुत्रा माझ्या घरामागं भुंकत होता. मग तू म्हणालास, येतंय समोर. आता कुत्रा डुकराला घेऊन इकडं आलेला, तर तुझ्यासमोर दुसरं काय येणार? यंत्रावर ओरडलो, घसा बसेपर्यंत. तू कसला ऐकतोस. मग पुंगळी शोधत बसलो. देवघरात ठेवली होती मेली.” त्यांनी राख उकरली. “वेळेत सापडली.”

“हो.”

“ठीक.”

थोड्या वेळानं मी विचारलं, “ऐकू येत होतं तर पहिल्या दिवशी आवाज पोचला नाही असं का सांगितलंत?”

“तुझं यंत्र नवीन होतं. तू नवीन होतास. म्हटलं, राहू दे याचा मान.”

“आणि वाट्याला कधीच आला नाहीत.”

“ऐकू आलं होतं,” ते म्हणाले. “बोलावलं नव्हतं.”

चहा केला त्यांनी. पानं चाचपडत केलेला तो चहा मी संपवला. निघताना म्हणाले, “आसनाची दोरी सैल झाली असेल. बांध.”

२४ जानेवारी

तिन्ही यंत्रांवरून टोन काढला. सकाळी खिंडीत पोचल्यावर यंत्रात म्हटलं, “दादा, फाटक काढलंय. बोला.” दिवा लागला. बटण दाबल्याचा आवाज आला, सोडल्याचा आला. शब्द एकही नाही.

दुपारी डुक्कर पडलं, मोठं. मी यंत्रावर सांगितलं, “पडलं. वाटे पाच.” सुरी म्यानात ठेवून बसलो. मोपेडचा आवाज काही येईना.

मात्सुओ म्हणाला, “त्यांना आपल्या पद्धतीनं बोलाव ना. शीळ घाल त्यांची.”

पुंगळी ओठाला लावली आणि तिथंच थांबलो. दादांची शीळ कुठली? मात्सुओकडे पाहिलं. त्यालाही माहीत नव्हती. आम्ही दोघं त्या डोंगरात उभे राहून आठवत बसलो. माझी आठवते, त्याची आठवते, मेलेल्यांच्या आठवतात. दादांची नाहीच. हाक कायम तेच मारायचे. त्यांना कधी कोणी मारलीच नव्हती. इतक्या वर्षांत मला हे एकदाही सुचलं नाही, याची लाज वाटली.

शेवटी मी माझीच शीळ घातली. कोणी आलं नाही. उजेड जायला लागला तेव्हा कापलं. पाचवा वाटा घेऊन मी स्वतः गेलो.

ते दारातच होते. “स्वतःचीच शीळ काय फुंकत बसतोस? मला वाटलं, गडी हरवला आणि स्वतःला शोधतोय.”

“तुमची माहीत नव्हती.”

ते म्हणाले, “मला नव्हतीच. लागली नाही कधी.”

“आता लागणार. एक लांब ठेवू?”

“एक लांब कुत्र्यांची आहे, गाढवा.”

“दोन लांब?”

“ती ओगावाची.”

“ओगावा वारून किती वर्षं झाली, दादा.”

“म्हणून काय झालं? त्याचीच आहे ती.”

असं करत आम्ही दारातूनच सगळे डोंगर फिरलो. प्रत्येक शीळ कोणी ना कोणी आधीच घेतलेली. एकेकाचं नाव निघालं की दादा त्याची जागा सांगायचे, कोण धारेवर बसायचा, कोण ओढ्यात, कोणाला बसल्या बसल्या झोप लागायची. शेवटी मी म्हटलं, “लांब, आखूड, लांब.”

त्यांनी खूप आठवून पाहिलं. “नाही,” म्हणाले. “ही कोणाची नाही.”

“मग तुमची.”

“फुंकून दाखव.”

फुंकली. ते म्हणाले, “आखूड फार आखूड आहे.” परत फुंकली. वाटा त्यांनी ठेवून घेतला, पण म्हणाले, “हा नियमात बसत नाही. सुरी लागल्यावर आलाय. या वेळेपुरता घेतो.”

१४ फेब्रुवारी

हंगामाचा शेवटचा हाका. सकाळपासून दादा वॉकी-टॉकीवर होते. “तोकू, मात्सुओ फार खाली बसलाय.” “तोकू, वारा.” “चिगुसा बाळ, तू बरोबर आहेस, तो तोकू चुकतोय.” मात्सुओ म्हणाला, “टोन लावायचा का रे परत?” दादा म्हणाले, “ऐकतोय मी.” मात्सुओ नंतर तासभर बोलला नाही.

जेवणाच्या वेळेआधी चिगुसानं डुक्कर पाडलं. तिचं पहिलं. यंत्रावर सांगता आलं असतं, दादांनी बार ऐकलाच होता. पण मी यंत्र खाली ठेवलं आणि पुंगळी काढली. लांब, आखूड, लांब. आखूड जरा लांबवली.

पलीकडच्या डोंगरात काही वेळ काहीच नाही. मग मोपेड सुरू झाली. ती बंद पडली, परत सुरू झाली, आणि खोऱ्यातून फिरत फिरत यायला लागली. मध्येच एका बाईचं ओरडणं ऐकू येऊ लागलं, “डावीकडं! अरे डावीकडं, ते उजवं!” वळणावर दिसली तेव्हा कळलं. हँडल दादांच्या हातात, मागच्या सीटवर सुए. भावाचे खांदे धरून लगाम खेचावा तशी ती त्यांना वळवत होती. आमच्यापर्यंत पोचले तेव्हा दादांची टोपी उडालेली आणि सुएचा श्वास लागलेला.

दादा खाली उतरले, आम्ही होतो त्या बाजूला चाचपडत आले आणि डुकरावर हात ठेवला. मानेपासून पायापर्यंत हात फिरवला. “सुरी लागलेली नाही?”

“नाही.”

“आवाज पोचला,” ते म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पूर्वी लोक म्हणायचे तसं. मग ते खाकरले. “काप. बघतोय मी.”

मी कापायला घेतलं. “ब्रेक लावू नकोस,” ते म्हणाले. “सांध्यात जा. अरे सांध्यात! बस नाहीये ती.” चिगुसा हसली, मीही हसलो. सुरी घसरेल म्हणून दोनदा थांबावं लागलं. देवीचं काढलं आणि तेत्सुचा धरून पाच वाटे पानांवर मांडले.

सुए पुढे झाली आणि पानांकडे बघत उभी राहिली. “आणि माझा?”

“तुझा कसला?”

“अहो, आवाज मलाही पोचला. सुरी लागायच्या आत मीही येऊन उभी आहे. का, बायकोला रीत लागू नाही?”

मी दादांकडे पाहिलं. दादा ऐकलंच नसल्यासारखं डोंगराकडे बघायला लागले. मात्सुओ जोडे बघायला लागला. मी पाचही वाटे परत एकत्र केले आणि सहा मांडले.